जुन्या प्रयोगसाधनांची दुरुस्ती : दोषाच्या मुळाशी जाण्याची रीत

विज्ञानाची प्रयोगशाळा असलेल्या बहुतेक जुन्या शाळांमध्ये एक कपाट असे असते, की जे वर्षातून एकदाच, जडवस्तू संग्रहाच्या तपासणीच्या दिवशी उघडले जाते. त्यात सुई न हलणारे गॅल्व्हानोमीटर असतात, निर्जीव बॅटरी एलिमिनेटर असतो, धूसर दिसणारा सूक्ष्मदर्शक असतो आणि एका बाजूस कायमचा झुकलेला तराजू असतो. प्रत्येकाला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी बांधलेली असते. नोंदवहीत ही साधने शिल्लक दिसतात, परंतु विद्यार्थ्यांच्या हाती ती येत नाहीत. पुढे केव्हातरी निर्लेखनाचा ठराव होतो, साधने भंगारात जातात आणि चाळीस मुलांचा वर्ग एकाच चालू उपकरणाभोवती टाचा उंचावून उभा राहतो.

या विद्यालयातून बाहेर पडलेले आम्ही काही माजी विद्यार्थी अशी साधने घरी आणून, घरातल्याच एका टेबलावर त्यांची तपासणी करीत आलो आहोत. आमच्यापैकी कोणी वीजतंत्री आहे, कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात नोकरीस. या कामात एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली : 'मेलेली' म्हणून बाजूस ठेवलेली बहुतेक साधने मेलेली नसतात. कोठे पेच सैल झालेला असतो, कोठे पितळेवर काट चढलेला असतो, कोठे धुळीचा एक कण बसलेला असतो. दुरुस्तीस लागणारा खर्च पुष्कळदा नगण्य असतो. लागते ती दोष शोधण्याची शिस्त. ती शिस्त पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना समजावून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कारणाशिवाय कार्य नाही

आपल्या वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाने प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ऐकलेला आहे. जे जे घडते ते कारणांवर अवलंबून असते आणि कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते. चार आर्यसत्यांची मांडणीही याच क्रमाने जाते : दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. धम्माच्या परिभाषेची ओढाताण करून ती पेचकसाला जोडावी, असा आमचा हेतू नाही. तथापि बिघडलेल्या यंत्रापुढे बसताना याहून चांगला क्रम आम्हांस सापडलेला नाही.

पहिली पायरी म्हणजे दोष नेमका काय आहे हे शब्दांत लिहिणे. 'चालत नाही' हे वर्णन नव्हे. 'सुई डाव्या टोकास चिकटते आणि काचेवर टिचकी मारली की सुटते' हे वर्णन होय. दुसरी पायरी कारणाची. येथे तर्क अनेक करावेत, पण विश्वास एकावरही ठेवू नये. प्रत्येक तर्काची परीक्षा घ्यावी. तिसरी पायरी दुरुस्तीची आणि ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच दमात तार बदलली, पेच घासला आणि सेलही नवा घातला, तर यंत्र सुरू होईल. पण कशामुळे सुरू झाले हे कळणार नाही आणि पुढील खेपेस आपण पुन्हा आरंभापाशीच असू. चौथी पायरी पडताळ्याची : दुरुस्त झालेले साधन ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा एखाद्या मापावर तपासून पाहावे.

दोष शोधताना अर्धे-अर्धे करण्याची रीत फार उपयोगी पडते. लांबलचक मंडलात कोठेतरी खंड असेल, तर एका टोकापासून प्रत्येक सांधा तपासत जाण्याऐवजी मध्यावर तपासावे. मध्यापर्यंत वीज पोहोचत असेल, तर पहिला अर्धा भाग निर्दोष. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य पाहावा. सोळा सांधे असले, तरी चार तपासण्यांत सदोष सांधा हाती लागतो.

घरातील टेबल आणि सावधगिरी

घरच्या प्रयोगशाळेस फार सामग्री लागत नाही. भरपूर उजेड असलेले टेबल, त्यावर पसरलेले पांढरे सुती कापड (पडलेला बारीक स्क्रू त्यावर चटकन दिसतो), दोन-तीन आकारांचे पेचकस, एक पक्कड, साधा डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री, मऊ ब्रश, फुंकणी म्हणून रबरी फुगा, 1.5 व्होल्टचे काही कोरडे सेल, 10 किलो-ओहमचे दोन-चार रोधक आणि एक वही. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर ठेवावेत व शेजारी त्यांची जागा लिहावी. हल्ली प्रत्येकाकडे मोबाइल असतो. उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्यावे.

सावधगिरीबाबत मात्र तडजोड नको. घरातील वीजपुरवठा 230 व्होल्टचा असतो आणि तो प्राणघातक आहे. ज्या साधनाला विजेची पिन आहे ते उघडण्याचे काम जाणत्या प्रौढ व्यक्तीनेच करावे. मुलांनी सेलवर चालणाऱ्या साधनांपुरते मर्यादित राहावे आणि शिकण्यासारखे त्यातही पुष्कळ आहे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पिन सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवावी. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युत् धारित्रात, भार साठून राहू शकतो. म्हणून त्याच्या टोकांमधील विभवांतर आधी मीटरने मोजावे आणि ते उरलेले असल्यास योग्य रोधकामधून उतरू द्यावे. चालू मंडलावर मल्टिमीटरची ओहमची श्रेणी कधीही लावू नये. जुन्या वायरीचे रबरी आवरण तडकलेले असेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी वायर बदलावी.

दुरुस्तीनंतर साधन प्रथमच विजेवर लावताना वीजतंत्री लोक 'सिरीज दिवा' वापरतात. ती युक्ती घरीही अवश्य असावी. साध्या तारेचा 60 वॅटचा बल्ब साधनाशी एकसरीत जोडायचा. एलईडी दिवा येथे चालत नाही. लहान ट्रान्सफॉर्मरचे साधन सुस्थितीत असेल, तर बल्ब जेमतेम तांबूस होतो किंवा पेटतच नाही. आत शॉर्टसर्किट असेल, तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. जी वीज साधन जाळणार होती, ती बल्बमध्ये निमूटपणे उजळते आणि आपल्याला दोषाची वार्ता मिळते.

बॅटरी एलिमिनेटर

शालेय प्रयोगशाळेतील सर्वाधिक राबणारे आणि म्हणून सर्वाधिक बिघडणारे साधन हेच. याची रचना सोपी आहे : 230 व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, उलटसुलट वाहणारी धारा एकाच दिशेने वळवणारे डायोड, ती सलग करणारा कपॅसिटर आणि 2 ते 12 व्होल्टपर्यंत निवड करणारी फिरती खुंटी.

साधन पूर्ण निर्जीव असेल, तर पिन सॉकेटबाहेर ठेवून साधनाचे बटण चालू स्थितीत करावे आणि पिनेच्या दोन मुख्य पायांमधील रोध मोजावा. लहान ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध साधारणपणे काही दशक ते काही शे ओहम दिसतो. मीटर 'अनंत' दाखवीत असेल, तर खंड वायर, फ्यूज, बटण आणि गुंडाळी या चारांपैकी एका ठिकाणी आहे. तो याच क्रमाने तपासावा, कारण सामान्यतः बिघाडाची शक्यता आणि दुरुस्तीची सुलभता दोन्ही याच क्रमाने उतरत जातात. फ्यूज उडालेला आढळल्यास त्या जागी जाड तार घालण्याचा मोह टाळावा. फ्यूज दोष निर्माण करीत नाही, तो दोष सांगतो. बहुधा एखादा डायोड फुटलेला असतो. डायोडचे एक टोक मोकळे करून मल्टिमीटरच्या डायोड-श्रेणीवर तपासावे. एका दिशेने सुमारे 0.6 व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, तर डायोड चांगला. दोन्ही दिशांनी शून्याजवळ, तर तो शॉर्ट झालेला आहे.

दुसरा प्रकार असा, की मोकळ्या स्थितीत व्होल्टेज ठीक दिसते, पण भार जोडताच ते कोसळते किंवा मीटरची सुई थरथरते. येथे संशय कपॅसिटरवर घ्यावा. या जातीच्या कपॅसिटरमध्ये ओलसर रासायनिक द्रव्य असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सुकते आणि धारकता घटते. डोक्यावर फुगवटा किंवा बुडाशी चिकट डाग दिसला, तर निदान डोळ्यांनीच झाले. नवा कपॅसिटर तेवढ्याच धारकतेचा आणि तेवढ्या किंवा अधिक व्होल्टेजचा असावा. त्याच्या धन-ऋण खुणा तंतोतंत पाळाव्यात, उलट जोडल्यास तो फुटतो.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा : 6 व्होल्टवर खुंटी ठेवली की चालते, 4 वर बंद पडते. हा खुंटीच्या आतील संपर्कांवरील काट होय. वीज काढून खुंटी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवली, तरी पुष्कळदा काम भागते. न भागल्यास बाजारात मिळणारा संपर्क-स्वच्छक द्रव एक-दोन थेंब वापरावा व तो पूर्ण सुकू द्यावा.

गॅल्व्हानोमीटर

चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगलेली, केसासारख्या तारेची गुंडाळी म्हणजे गॅल्व्हानोमीटरचे हृदय. म्हणून याच्या बाबतीत 'आधी न उघडता' हा नियम अधिकच महत्त्वाचा.

कोरड्या हवेत काच कापडाने जोरात पुसली, की काचेवर स्थिरविद्युत् भार निर्माण होतो आणि सुई विनाकारण एका बाजूस खेचली जाते. अशा वेळी काचेवर उच्छ्वास सोडावा किंवा किंचित ओल्या कापडाने ती पुसावी. सुई शून्यावर परतली, तर साधन निर्दोष आहे. ते उगाच उघडले गेले असते!

सुई मुळीच हलत नसेल, तर गुंडाळी अखंड आहे का ते पाहावे. पण सेल थेट जोडू नये. 1.5 व्होल्टच्या सेलला 10 किलो-ओहमचा रोधक एकसरीत जोडावा. ओहमच्या नियमाने 1.5 भागिले 10,000 म्हणजे 0.00015 अँपिअर, अर्थात 150 मायक्रोअँपिअर धारा वाहते. शाळेतील सामान्य गॅल्व्हानोमीटर एका विभागास सुमारे 20 मायक्रोअँपिअर घेतो. म्हणजे सुई सात-आठ विभाग सरकली पाहिजे. सरकली, तर गुंडाळी शाबूत आहे आणि दोष बाहेरच्या जोडणीत होता. न सरकल्यास मागील झाकण काढून प्रथम पितळी खुंट्यांच्या आतील नट पाहावेत. हाताने खुंटी पिळता पिळता आतला नट सैल होतो आणि तार सुटते. आमच्या टेबलावर आलेल्या 'मृत' गॅल्व्हानोमीटरांपैकी बऱ्याच जणांचा आजार एवढाच होता.

सुई अडखळत असेल, तर चुंबक व गुंडाळी यांच्या फटीत लोखंडाचा कण शिरल्याचा संशय घ्यावा. तो काढण्यासाठी पोलादी सुई वापरू नये, कारण चुंबक तिलाच ओढून घेईल. बांबूच्या बारीक काडीच्या टोकास चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून तो अलगद उचलावा. चुंबक आणि त्यामधील लोखंडी गाभा मात्र कधीही वेगळा करू नये. तसे केल्याने जुन्या पद्धतीचे चुंबक कायमचे क्षीण होतात आणि मोजपट्टीचा अर्थच बदलतो.

नेआण करताना दोन्ही खुंट्या एका तारेने जोडून ठेवाव्यात. गुंडाळी हिंदकळली, की तिच्यात प्रेरित धारा निर्माण होते आणि लेन्झच्या नियमानुसार ती धारा त्या हालचालीलाच विरोध करते. दोन पैशांची तार साधनाची राखण करते आणि नववी-दहावीच्या मुलास पुस्तकातील नियम डोळ्यांनी दाखवतेही.

मीटर-ब्रिज : दोष स्वतःच बोलतो

अज्ञात रोध मोजण्याची ही रीत सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ती लोकप्रिय केली. म्हणून ती व्हीटस्टनच्या नावाने ओळखली जाते. एक मीटर लांब तारेवर टेकणी सरकवीत गॅल्व्हानोमीटर शून्य दाखवील असा बिंदू शोधायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी बारावीत केले आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत 'सुई एकाच बाजूला जाते' म्हणून रडकुंडीस आलेले विद्यार्थीही अनेकांनी पाहिले असतील. वस्तुतः हे साधन आपला दोष स्वतःच सांगते; ऐकणारा हवा.

टेकणी कोठेही ठेवली तरी सुई हलतच नसेल, तर सेलची शाखा किंवा गॅल्व्हानोमीटरची शाखा खंडित आहे. मीटर-तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. ते आढळले, तर सेलची शाखा ठीक असून दोष गॅल्व्हानोमीटरच्या शाखेत आहे.

सुई सर्वत्र एकाच बाजूस जात असेल आणि एका टोकाकडे सरकताना कमी होत होत त्या टोकाशी शून्य होत असेल, तर ज्या टोकाशी ती शून्य झाली त्या बाजूची भुजा जोडलेली आहे आणि पलीकडची भुजा तुटलेली आहे. कारण उघड आहे : पलीकडची भुजा तुटल्यामुळे मधली खुंटी केवळ याच टोकाशी जोडलेली उरते, म्हणून टेकणी या टोकास टेकताच दोन्हींचे विभव सारखे होते. त्या पलीकडच्या भुजेतील रोधपेटीची खुंटी किंवा तारेचा सांधा तपासावा.

आणि सुई एका जागेपर्यंत सारखीच एका बाजूस राहून पुढे एकाएकी दुसऱ्या बाजूस उडी मारत असेल, तर मीटर-तार त्या जागी तुटलेली आहे. डोळ्यांना न दिसणारी चीरही अशी नेमकी सापडते.

रोधपेटीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या पितळी खुंट्या सैल बसल्या किंवा त्यांवर काट चढला, तर तेथे नको असलेला रोध वाढतो आणि सर्व उत्तरे चुकतात. दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथी येतो. सर्व खुंट्या घट्ट बसवून पेटीचा रोध मोजावा. तो शून्याच्या अगदी जवळ असावा. नसल्यास खुंट्या व त्यांची भोके मऊ कापडाने स्वच्छ करावीत. खरखरीत पॉलिश-कागदाने घासू नये, कारण निमुळत्या खुंटीचा घाट बिघडला की ती पुन्हा नीट बसत नाही.

तराजू, सूक्ष्मदर्शक आणि तापमापी

भौतिक तराजूचा दांडा अकीकाच्या अथवा पोलादाच्या धारेवर तोललेला असतो. सुई दर वेळी वेगळ्या जागी स्थिरावत असेल, तर आधी ओळंब्याने तराजू समपातळीत आणावा, पंखा बंद करावा, मग मऊ ब्रशाने धार स्वच्छ करावी. तेल मात्र कदापि घालू नये. तेलावर धूळ बसते. दोन्ही भुजा समान आहेत का, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. एकच वस्तू आधी डाव्या, मग उजव्या पारड्यात तोलावी. दोन्ही वजने सारखी आली, तर भुजा समान आहेत. न आल्यास दोन्ही वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे खरे वस्तुमान मिळते. याचा अर्थ असा, की असमान तराजूही जाणत्याच्या हाती खरे माप देतो.

सूक्ष्मदर्शकात ठिपका दिसला, तर तो कोठे आहे हे आधी ठरवावे. काचपट्टी हलवल्यावर ठिपका हलला, तर तो काचपट्टीवर. नेत्रभिंग फिरवल्यावर ठिपका फिरला, तर तो नेत्रभिंगावर. वस्तुभिंग बदलल्यावर नाहीसा झाला, तर त्या वस्तुभिंगावर. यांपैकी काहीच घडले नाही, तर आरसा किंवा संघनक पाहावा. भिंग प्रथम फुग्याने फुंकावे, मग मऊ ब्रश, मग भिंगासाठीचा खास कागद. शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे धुळीच्या कणाने काच घासणे होय. वस्तुभिंग आतून उघडू नये. ते पुन्हा मूळ जागी बसवणे घरच्या टेबलावर शक्य नसते. नळी आपल्या वजनाने खाली घसरत असेल, तर भिंगात दोष नसतो. स्थूल-समायोजनाच्या दांड्यावरील ताण सैल झालेला असतो आणि तो आवळता येतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात भिंगांवर बुरशी जाळे धरते. त्यासाठी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले, की ते तापवून पुन्हा निळे करता येतात.

तापमापीचा पडताळा वितळत्या बर्फात घ्यावा. स्वच्छ, कुटलेल्या बर्फात ती 0 अंश दाखवीलच. उकळत्या पाण्याबाबत मात्र एक गैरसमज आढळतो. पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंश हा समुद्रसपाटीवरील दाबाचा आहे. सुमारे 300 मीटर उंचीमागे तो 1 अंशाने उतरतो. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने तेथे 98 अंशांच्या आसपास पाणी उकळते. महाबळेश्वरी त्याहूनही कमी, सुमारे साडेपंच्याण्णव अंशांवर. तेव्हा तापमापीस सदोष ठरवण्यापूर्वी आपण किती उंचीवर उभे आहोत ते पाहावे. पाऱ्याची तार मध्ये तुटलेली असेल, तर फुगा बर्फ व मिठाच्या मिश्रणात ठेवावा. सर्व पारा आकसून फुग्यात उतरतो आणि सांधला जातो.

काय दुरुस्त करू नये

विवेक हाही दुरुस्तीचाच भाग आहे. तडा गेलेली पाऱ्याची तापमापी किंवा वायुदाबमापी दुरुस्त करू नये. पारा सांडलाच, तर मुलांना दूर करावे, खिडक्या उघडाव्यात, झाडू मारू नये. थेंब कागदाने एकत्र करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत आणि फटींत गंधकाची पूड टाकावी. मध्यभागी पांढरा गोल थर असलेल्या जुन्या तारेच्या जाळ्या पुष्कळदा अॅस्बेस्टॉसच्या असतात. त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. त्या खरवडू वा फाडू नयेत, पिशवीत बंद करून वापरातून काढाव्यात. काचनळीचा जुना दोलनदर्शक घरी उघडू नये. त्याच्या आत काही हजार व्होल्टचा भार बंद केल्यानंतरही राहू शकतो.

नोंद आणि स्पर्श

दुरुस्त झालेल्या प्रत्येक साधनाबरोबर एक कार्ड असावे : दोष काय होता, कारण काय निघाले, काय बदलले, पडताळा कसा घेतला, तारीख. पुढच्या बिघाडाच्या वेळी हे कार्ड निम्मे काम करते. शिवाय विद्यार्थी ते वाचतो आणि यंत्रालाही इतिहास असतो हे त्याला समजते.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या समाजाच्या मुलांना वस्तूला स्पर्श करण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्या समाजासाठी बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते महाविद्यालय कलेबरोबरच विज्ञानाचेही होते, हे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. त्याच समाजाच्या शाळेत काचेच्या कपाटावर 'हात लावू नये' अशी पाटी दिसली, की आम्ही अस्वस्थ होतो. ती पाटी लावणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. साधन मोडले तर भरपाई कोठून आणायची, ही त्यांची चिंता खरी असते. म्हणूनच दुरुस्तीची विद्या गावात, घरात, पालकांत असणे अगत्याचे आहे. मोडलेले साधन पुन्हा उभे करता येते असा विश्वास असला, तरच शिक्षक ते निर्धास्तपणे मुलाच्या हाती देतील.

शास्त्रीय दृष्टिकोन विकसित करणे हे आपल्या संविधानाने 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा केवळ गुरूच्या अधिकारावर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेशही आपण जाणतो. 'हे यंत्र बिघडलेले आहे' ही चिठ्ठीसुद्धा एक ऐकीव गोष्टच असते. ती कोणी, केव्हा, कशावरून लिहिली, हे बहुधा कोणासच ठाऊक नसते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की वर्षातील दोन रविवार विद्यालयाच्या कपाटासाठी द्यावेत. पालकांना विनंती आहे, की घरातील एखादे टेबल आणि एक मल्टिमीटर मुलांसाठी राखून ठेवावे. आणि संस्थाचालकांना विनंती आहे, की निर्लेखनाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी प्रत्येक साधन एकदा या क्रमाने तपासून घ्यावे. जे खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेले असेल, त्याचेही सुटे भाग दुसऱ्या साधनाच्या उपयोगी पडतात : खुंट्या, चुंबक, भिंगे, पेच. ते एका डब्यात, नावे लिहून ठेवावेत आणि त्या डब्याची नोंदही जडवस्तू संग्रहाच्या वहीत करावी.